रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा स्क्रू जाम, आणि पलीकडचा नटही सोबत फिरतोय

हळदअडत (सांगली)

इथले धागे बहुतेक पंपाचे, ट्रॅक्टरचे नाहीतर बुलेटचे असतात. पण जाम स्क्रू तो जाम स्क्रू, म्हणून इथेच विचारते.

वस्तू म्हणजे अण्णांचं, माझ्या वडिलांचं, कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. अण्णांच्या पश्चात परवाना वारस म्हणून माझ्या नावावर झालाय, ते सगळं रीतसर आहे. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत. पूर्वी मालाच्या हिशेबाचे पैसे रोखीत चालायचे आणि सीझनला रात्री उशिरा गल्ला घेऊन घरी यावं लागायचं, म्हणून अण्णांनी ते घेतलं. चालवलेलं मी कधी पाहिलं नाही. खंडेनवमीला पाटावर मात्र दरवर्षी असायचं, वजनकाट्याच्या शेजारी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५, म्हणजे बघा. आमचं घर गावभागात. वह्या, दागिने, देव, आजीची औषधं सगळं माडीवर गेलं आणि हे कपाटाच्या खालच्या लॉकरमध्ये राहिलं. पाणी उतरल्यावर अण्णांनी नळी, चेंबर, घोडा सगळं रॉकेलने धुऊन तेल लावलं. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काही खोलल्या नाहीत. वरून कोरड्या दिसत होत्या, म्हणून राहून गेलं असणार.

गेल्या निवडणुकीत ठाण्यात जमा करायला गेले तर तिथले हवालदार म्हणाले, ‘ताई, मूठ फुटलीय की ओ.’ बघते तर उजव्या पट्टीला स्क्रूच्या भोकापासून खालपर्यंत उभा तडा. हातात धरलं की तळव्याची कातडी चिमटीत सापडते.

पट्ट्या लाकडी आहेत, मूळच्या नाहीत, अण्णांनी कधीतरी बदलून घेतलेल्या. मिरजेत सतारी-तंबोरे करणारे एक ओळखीचे कारागीर आहेत, ते म्हणाले नमुना द्या, तशाच शिसवीच्या करून देतो. रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे न्यायचं नाही एवढं मला कळतं. म्हणजे पट्ट्या काढून तेवढ्याच न्यायच्या. आणि नमुना हवा म्हणजे त्या फोडून चालणार नाही.

आता अडचण. डाव्या बाजूला स्क्रूचं डोकं आहे. तो मुठीतून आरपार जातो आणि उजव्या पट्टीत एक पितळी नट बसवलाय त्यात शिरतो. नटाचं डोकं गोल, गुळगुळीत, लाकडाच्या बरोबरीने बसलेलं, चार आण्याच्या नाण्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी स्क्रू हललाच नाही आणि माझ्या डिसमिसने खाचेची एक कड खाल्ली. मग चार दिवस डिझेलचे थेंब सोडले (रॉकेल हल्ली कुठे मिळतंय?). पाचव्या दिवशी स्क्रू फिरला! आनंद झाला तेवढ्यात दिसलं की पलीकडचा नटही सोबत फिरतोय. दोघं मिळून गोल गोल, पूर्वी स्टेशन रोडला फिरायला जाणाऱ्या जोडप्यासारखे. बाहेर काही येत नाही.

काय करावं?


कुपवाड_फॅब्रिकेशन

भाऊ इम्पॅक्ट डिसमिस घ्या, हातोडीने ठोकायचा येतो तो. दोन ठोक्यांत काम. बुलेटच्या क्रँककेसचे स्क्रू आम्ही तसेच काढतो. नाहीतर घेऊन या इकडं, वेल्डिंगने डोक्यावर नट चिकटवतो, पान्याने फिरवा.


आर्मरर_अपशिंगे

वरच्या भावाने सांगितलेलं काहीही करू नका. रागावू नका साहेब, क्रँककेस वेगळं आणि हे वेगळं.

मी ईएमईचा (लष्कराच्या दुरुस्ती विभागाचा) आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, २४ वर्षं हेच काम केलं. पलटणीतली हत्यारं टेबलावर यायची, त्यांतली निम्मी कुणीतरी आधी ‘दोन ठोक्यांत काम’ करून आणलेली.

सगळ्यात आधी: उघडा, सहाही घरं बोटाने चाचपा, नुसतं बघू नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. याचं दुसरंही कारण आहे. ते झिरपणारं तेल तुम्ही चार दिवस सोडताय, तसलं तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीत शिरलं तर काडतूस मरतं. वर ते मेलंय हे दिसत नाही.

आता ठोकणं का नको. स्क्रू मुठीच्या सांगाड्यातून आरपार जातो, त्याला आतून टेकू नाही. दोन्हीकडे लाकूड, मध्ये पोकळी. ठोका बसला की जोर आट्यांवर जातच नाही, लाकूड पिचतं आणि डिसमिस घसरून सांगाड्यावर ओरखडा मारतो. वेल्डिंग तर बोलूच नका. मुठीच्या आत कमानीची स्प्रिंग असते, घोड्याची सगळी ताकद तीच. तिला उष्णता लागली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग घोडा पडेल पण टोपी फुटणार नाही.

आणि रिव्हॉल्व्हर ‘घेऊन या इकडं’ असं कुणीही म्हणू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये दुरुस्ती हा शब्द स्पष्ट आहे. त्याचा परवाना असलेल्या दुकानदारानेच हात लावायचा. वेल्डिंगवाला अडकेल आणि देणाराही अडकेल. मुठीच्या पट्ट्या घरी बदलणं निराळं, तरी स्क्रूपलीकडे सांगाड्याला काही करायची वेळ आली तर थांबायचं आणि परवानाधारकाकडे जायचं.

आता डिसमिस. बाजारात मिळतो त्याचं टोक पाचरीसारखं असतं, वर जाड, खाली पातळ. असला डिसमिस खाचेच्या फक्त वरच्या कडांना धरतो, आणि जोर दिला की स्वतःच वर चढतो. तुमची कड त्यानेच खाल्ली. जुना चांगल्या पोलादाचा डिसमिस घ्या, टोकाच्या दोन्ही बाजू ग्राइंडरवर समांतर करा, खाचेत घट्ट बसून तळाला टेकेल इतका. रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी, सूतभरही जास्त नको, नाहीतर लाकूड कापाल. घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की ते मऊ झालं, फेकून द्या.

उष्णता द्यायचीच तर २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पितळी नटाला टेकवा, स्क्रूला नाही. पितळ तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं, एका अंशाला साधारण १९ विरुद्ध १२ या हिशेबाने (दहा लाखांत). नट फुगला की आटे सैल होतात. लाकडाचा वास आला की काढा. पण नट फिरतोय तोवर हे सगळं वाया. आधी नट धरायला पाहिजे.

तो कसा धरायचा: पितळ मऊ असतं. बारीक त्रिकोणी कानस, सोनाराकडे असते तसली, घ्या आणि नटाच्या डोक्यावर मधोमध एक खाच पाडा. त्यात दुसरा डिसमिस. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकट्याचं काम नाही.


शंका_९७

मधेच विचारतो, डिझेलपेक्षा डब्ल्यूडी-४० चांगलं नाही का?


आर्मरर_अपशिंगे

ओल हटवायला ते चांगलं. पण सहा वर्षांच्या गंजात शिरायचं तर वेळ हाच खरा तेलवाला. आणि कुठलंही मारा, लाकडावर मारू नका. लाकूड असलं तेल पिऊन काळं आणि मऊ पडतं. इंजेक्शनच्या सुईने खाचेत एक थेंब, बस.


हळदअडत (सांगली)

पहिली गोष्ट, भाऊ नाही. वर ‘विचारते’ लिहिलंय.

आर्मरर साहेब, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डिसमिस घासून घेतला, तीन वेळा निळा केला, चौथ्यांदा जमला. सोनाराकडून कानस आणली. नटावर खाच पाडली. माझ्या हमालांपैकी एकाला धरायला बोलावणार होते, मग वाटलं नको, रिव्हॉल्व्हर बाहेर काढलंय ही बातमी यार्डात पोचायला पाच मिनिटं लागतील. म्हणून आईला बसवलं. आईने नटाकडचा डिसमिस धरला, मी स्क्रूकडचा. आई म्हणाली, जात्यावर बसल्यासारखं वाटतंय.

नट धरला गेला, पण डोकं फार पातळ निघालं. जोर दिला तशी माझी खाच एका बाजूने उघडली आणि डिसमिस सटकला. आता नटाचं डोकंही अर्धं गेलं आणि स्क्रूचंही. म्हणजे आहे त्याहून वाईट.

एक गंमत सांगते. पट्ट्यांवर चौकटी-चौकटीची नक्षी कोरलेली आहे, पकड बसावी म्हणून. त्या चरांमध्ये पिवळं भरलंय. निम्मं पूजेचं, निम्मं अण्णांच्या हाताचं, हळदीत हात घालूनच दिवस जायचा त्यांचा. मी त्यातला गाळ काढायला सोड्याच्या पाण्यात दातांचा ब्रश बुडवून घासलं, तर सगळी नक्षी क्षणात लाल! आई दचकली, तिला वाटलं रक्त. हळदीला खार लागला की कुंकू होतं, हे तीस वर्षं हळद विकणाऱ्या बाईने विसरावं म्हणजे कमाल आहे. लिंबू चोळल्यावर परत पिवळी झाली.

ते असो. आता स्क्रू कापून काढायचा का? ड्रिल मारून? अडकलेले स्क्रू काढायचा ईझी-आउट मिळतो म्हणे, तो घालू का?


टर्नर_पलूस

ताई, ईझी-आउट नको. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की मग ड्रिलसुद्धा त्याला खात नाही. मी किर्लोस्करवाडीला लेथवर ३१ वर्षं काढली. तुटलेला ईझी-आउट काढायला आणलेली कामं इतकी बघितलीत की त्याचं नाव काढलं तरी कमरेत चमक येते.

मला एकच सांगा. तडा कुठल्या पट्टीला आहे म्हणालात? उजव्या. आणि नट कुठल्या पट्टीत? उजव्याच.

मग आपण सगळे चार दिवस कशाला झटतोय? ती पट्टी स्क्रूच्या भोकापासून खालपर्यंत आपोआप फाटलेली आहे. फाटली कशामुळे तेही सांगतो. पुरात लाकूड फुगलं, मग आक्रसलं. आत गंज धरला, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्याने आतून रेटलं. लाकूड धाग्याच्या रेषेत उलतं तसं उललं. नट सैल होऊन फिरायला लागला तोही त्यामुळेच. घट्ट बसायला चहूबाजूंनी लाकूड लागतं, ते एका बाजूने उघडलंय.

तर आता वाचवायचं काय आणि सोडायचं काय ते ठरवा. सांगाडा वाचवायचा. डावी पट्टी वाचवायची, कारण नमुना एकीचा पुरतो, दुसरी तिची आरशातली जोड. तुमच्या सतारवाल्याला हे सांगायलाच नको, तंबोऱ्याच्या तबलीला दोन्ही बाजू सारख्या काढणारा माणूस तो. उजवी पट्टी मात्र सोडा. स्क्रू आणि नटही गेल्यातच जमा आहेत, दोन्हींची डोकी गेली. नव्या पट्ट्यांना नवा जोड लागणारच.

फोडण्याआधी एवढं करा. उजव्या पट्टीची बाहेरची रेघ जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलने उतरवून घ्या, आणि सगळ्यात फुगीर ठिकाणी जाडी मोजा. व्हर्नियर नसेल तर दोन सपाट फळकुटांत धरून फुटपट्टीने मोजलं तरी चालेल. मग तड्यात पातळ सुरीचं पातं घाला, बोथट असलं तरी चालेल, पाचर म्हणून वापरायचंय. पातं सांगाड्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला तिरकं. हळूच पिळा. वरचा तुकडा आधी सुटेल. नट उघडा पडला की त्याला कडेने छोट्या पकडीने घट्ट धरा, पकडीच्या जबड्यात जुनं कातडं ठेवा, आणि डावीकडून स्क्रू फिरवा. स्क्रू नाहीच फिरला तर पकडीने नट फिरवा, स्क्रूला डिसमिसने नुसतं थांबवून धरा. खाच खराब झाली तरी धरण्यापुरती ती पुरते, नुसतं दाबून धरायचं असलं की डिसमिस घसरायची भीती कमी.

आणि अगदीच नाही हललं, तर नट आणि सांगाडा यांच्यामध्ये फट दिसेल तिथे एक्सा ब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) नुसता तुकडा हातात धरून स्क्रू कापा. सांगाड्यावर इन्सुलेशन टेपचे चार थर आधी. वेळ लागेल, लागू द्या.


आर्मरर_अपशिंगे

मालक, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आम्हाला सवय अशी की पलटणीच्या मालाचा एकही तुकडा फोडायचा नाही, नाहीतर कागदं भरा. म्हणून वाचवायचाच विचार पहिला येतो.

ताई, पाचर घालताना घोडा खाली सोडलेला असू द्या. स्प्रिंगवर ताण कमी राहील.


कुपवाड_फॅब्रिकेशन

ताई सॉरी, भाऊ म्हणालो. आणि वेल्डिंगचंही सॉरी.


हळदअडत (सांगली)

झालं!

रविवारी यार्ड बंद असतं, दुपारी बसलो. आई पुन्हा मदतीला, या वेळी तिने स्वतःहून चष्मा लावला. पुठ्ठ्यावर रेघ काढली, जाडी मोजली. पातं म्हणून लोण्याची सुरी घेतली, कारण बोथट म्हणालात. तड्यात घातली आणि पिळली तर काहीच नाही. दुसऱ्यांदा जरा खाली घातली. तेव्हा आवाज आला, वाळलेली शेंग फोडल्यासारखा, आणि पुढचा अर्धा तुकडा आईच्या पदरात पडला.

आत काय होतं सांगू? गाळ. कृष्णेचा गाळ, वाळून टणक, बोटाच्या नखाएवढ्या जाडीचा, लाकडाच्या आतल्या पोकळीत ओतल्यासारखा. स्प्रिंगच्या बाजूने उभी भेग पडली होती त्याला, उन्हाळ्यात नदीपात्रात पडते तशी. सहा वर्षं हे आत घेऊन ते रिव्हॉल्व्हर दसऱ्याला पाटावर बसत होतं आणि आम्ही वरून गंध लावत होतो. मी तो गाळ ब्रशने काढला, तेव्हा खाली सांगाड्यावर तांबडा गंज दिसला, हाताला खरखरीत.

नट पकडीने धरला, कातडं म्हणून अण्णांच्या कमरेच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा. स्क्रू डावीकडून फिरेना. मग टर्नर काकांनी सांगितलं तसं उलटं केलं, आईने डिसमिस दाबून नुसता थोपवला आणि मी नट फिरवला. पाव फेरा कर्रर्र असा आवाज. मग अर्धा. मग एकदम सैल. स्क्रू बाहेर आला तो मधल्या भागात इतका खाल्लेला की दोन्ही टोकं जाड आणि मध्ये कंबर. अजून एखादा पावसाळा गेला असता तर आपोआप तुटला असता.

डावी पट्टी एका ओरखड्याशिवाय निघाली. ब्लेड लागलंच नाही.

आता दोन प्रश्न. गंज कशाने काढू? आणि नवीन पट्ट्यांना तेल कुठलं?


आर्मरर_अपशिंगे

शाब्बास. आईंना नमस्कार सांगा.

गंजाला पॉलिश पेपर लावू नका, काळा मुलामा निघून जाईल. बारीकात बारीक स्टील वूल, चार शून्याचं मिळतं, ते तेलात भिजवून हलक्या हाताने, गोल नाही, एकाच दिशेत. वरचा गंज तेवढा निघतो आणि मुलामा बराचसा राहतो. खड्डे पडले असतील ते राहू देत, मुठीखाली कोण बघतंय. खड्डे खोल असतील, स्प्रिंगवर गंज असेल, तर मात्र परवानाधारक दुकानात दाखवा, ती घरी खोलू नका. सगळं झालं की पुसून एक पातळ तेलाचा हात.

नवा स्क्रू बसवताना आट्यांना ग्रीसचा नुसता वास लावा, थेंब नको. आणि आवळायचा तो डिसमिस दोन बोटांत धरून, मूठ वळवून नाही. लाकूड आहे, लोखंड नाही. दर पावसाळ्याआधी एकदा खोलून बघायचं.


टर्नर_पलूस

तेल अळशीचं. उकळलेलं मिळतं ते. बोटाने चोळायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, असं चार वेळा. आतल्या बाजूलाही, तिथे लोक विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटते. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

स्क्रू-नटाच्या जोडीचे आटे मोजून द्या, जुना स्क्रू टाकून देऊ नका. त्यावरून नवा लेथवर करून मिळेल. नटाच्या डोक्याखाली दोन चपट्या बाजू ठेवायला सांगा आणि लाकडातही तसंच घर करायला सांगा. मग तो जन्मात फिरणार नाही.


हळदअडत (सांगली)

आज मिरजेला जाऊन आले. डावी पट्टी, पुठ्ठा आणि उजवीचे दोन तुकडे रुमालात बांधून नेले. कारागिरांनी पट्टी उलटसुलट केली, बोटाने नक्षी चाचपली, नाकाला लावली आणि विचारलं, ‘हळदीचा वास येतोय. कुठल्या वाद्याची आहे ही?’

मी सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तुमचा हात इकडे करा. कागदावर माझ्या उजव्या हाताचा पंजा पेन्सिलने काढून घेतला. अण्णांचा हात मोठा होता, त्यांच्या मापाच्या पट्ट्या तुम्हाला कशाला, दोन सूत बारीक करतो म्हणाले. नटाच्या चपट्या बाजूंचं सांगितलं तर हसले, खुंटीला आम्ही तेच करतो म्हणे. पंधरा दिवसांनी बोलावलंय.